कीटकनाशक अंगात किती जातं? शेतवस्तीत मोजमाप सुरू करणाऱ्यांसाठी

नवीन माणूस या कामात आला की पहिली चौकशी प्रयोगशाळेची करतो. तपासणी कुठे होते, मशीन कोणतं, एका नमुन्याला किती पैसे पडतात. ही चौकशी खरं तर बरीच नंतरची आहे. क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक शरीरात गेलं की त्याचं विघटन होऊन टीसीपीवाय नावाचा पदार्थ लघवीतून बाहेर पडतो आणि साधारण दर २७ तासांनी त्याचं प्रमाण निम्मं होतं. सोमवारी सकाळी फवारणी केलेल्या माणसाचा नमुना तुम्ही शुक्रवारी सकाळी घेतलात, तर सुरुवातीच्या मानाने बाराव्या हिश्श्याच्या आसपासच हाती लागतं. मशीन कितीही महागडं असलं तरी सोमवारी काय झालं ते त्या नमुन्यातून नीट सांगता येत नाही. नमुना कधी घ्यायचा हे ठरवण्यातच निम्मं काम आहे, आणि ते ठरवायला आधी शेतातलं काम कळायला हवं.

पायरी १: प्रश्न एकच ठेवा

‘गावात कीटकनाशकांचा परिणाम किती?’ हा अभ्यासाचा प्रश्न होऊ शकत नाही, तो काळजीचा विषय आहे. त्यातून मोजता येईल असं काहीतरी काढा. फवारणी करणाऱ्यांच्या अंगात एका दिवसात किती जातं? हातमोजे दिल्यावर फरक पडतो का? फवारणीनंतर त्याच शेतात खुरपणीला जाणाऱ्या बायकांचं काय? शेताला लागून असलेल्या घरांतल्या मुलांपर्यंत काही पोहोचतं का? वीस वर्षं हे काम केलेल्यांना अमुक आजार जास्त होतो का?

या प्रत्येकाला वेगळी पद्धत लागते. शेवटचा प्रश्न तर लघवीच्या नमुन्याने सुटतच नाही, कारण आजची लघवी गेल्या दोन-तीन दिवसांचं बोलते, वीस वर्षांचं नाही. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘अ‍ॅग्रिकल्चरल हेल्थ स्टडी’ने म्हणूनच मुख्य भर प्रश्नावलीवर ठेवला. परवानाधारक फवारणी करणारे सुमारे ५२,००० आणि त्यांचे जोडीदार सुमारे ३२,००० अशी ही मोठी पाहणी. कोणती औषधं, वर्षातून किती दिवस, किती वर्षं, स्वतः मिसळता का, पंप कोणता, अंगावर काय घालता, या उत्तरांना गुण देऊन त्यांनी प्रत्येकाच्या संपर्काचा अंदाज बांधला.

नैतिकता समितीची मंजुरी आणि लेखी संमती याच टप्प्यावर घ्या. संमतीपत्र वाचून दाखवलं की झालं, असं नाही. लोक तुम्हाला तीन गोष्टी विचारतील: मालकाला माझा निकाल कळेल का, आकडा वाईट आला तर तुम्ही काय कराल, आणि मधेच सोडून गेलो तर चालेल का. या तिन्हींची उत्तरं तयार नसतील तर गावात जाऊ नका. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असंच हवं, आणि ते पाळता येईल अशी व्यवस्था कागदोपत्री हवी. दुसऱ्यासाठी आधीच एखाद्या डॉक्टरशी बोलून ठेवा. आणखी एक: अभ्यासासाठी म्हणून कोणालाही फवारणी करायला लावायचं नाही. जे काम ते एरवीही करणार होते, तेच बघायचं.

पायरी २: एक फवारणी नुसती बघा

काही न मोजता, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा. संपर्क कुठे होतो याबद्दलचे तुमचे अंदाज इथे चुकतात. नव्या लोकांना वाटतं धोका नाकातून, कारण वास नाकाला येतो. प्रत्यक्षात उघड्यावर फवारणी करणाऱ्यांमध्ये बहुतेक औषध अंगावर, म्हणजे कातडीवर पडतं, आणि त्यातलाही मोठा वाटा हातांवर.

बाटलीचं सील अंगठ्याने किंवा काडीने फोडलं जातं तो क्षण बघा. आत पाणी न घातलेलं मूळ औषध असतं आणि त्याचा एक ओघळ बाटलीच्या मानेवरून बोटांवर येतो. टाकीतल्या दिवसभराच्या तुषारांपेक्षा हा ओघळ भारी पडू शकतो. मग पंप पाठीवर जातो. झाकण नीट बसत नसेल तर चालताना द्रावण डचमळून पाठीवर, पट्ट्याखाली, कमरेपर्यंत ओलं होतं. शर्ट ओला राहतो तोवर कातडी ते शोषत राहते. थोड्या वेळाने नोझल तुंबतं. आता हातमोजे काढले जातात, कारण मोजे घालून ती छोटी चकती फिरवता येत नाही. चकती बोटांनी साफ होते, कधी तोंडाने फुंकली जाते, आणि ओल्या हातावर तोच मोजा परत चढतो. मोज्याच्या आत आता औषध आहे आणि हवा खेळत नाही. प्रश्नावलीत हा माणूस ‘हातमोजे वापरता का?’ याला ‘हो’ म्हणेल, आणि खरंच सांगत असेल.

म्हणून प्रश्नावली या निरीक्षणानंतरच तयार करावी. ‘मोजे वापरता का’ ऐवजी ‘मोजे कधी काढता’ असं विचारलं की कामाचं उत्तर मिळतं.

पायरी ३: नोंदवही

यात कंटाळा करू नका. प्रत्येक फवारणीची तारीख, सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ, पीक, किती टाक्या मारल्या, कोणी मिसळलं, वारा, सांडलं का, आंघोळ आणि कपडे बदलणं कधी. औषधाच्या नावावर विसंबू नका. व्यापारी नावं डझनांनी असतात, आत घटक तोच असतो. उलट एकाच कंपनीच्या मिळत्याजुळत्या बाटल्यांत अगदी वेगळी रसायनंही असतात. ‘ते निळ्या झाकणाचं’ एवढंच उत्तर मिळेल तेव्हा रिकामी बाटली मागा आणि लेबलचा फोटो घ्या. सक्रिय घटक, त्याचं प्रमाण आणि औषधाचा प्रकार (पाण्यात विरघळणारी भुकटी, तेलकट द्रावण, दाणेदार) हे तिघंही लागतात. एकाच टाकीत दोन-तीन औषधं एकत्र केली असतील तर सगळ्यांची नोंद हवी.

प्रयोगशाळेत काय शोधायचं हे या नोंदवहीवरून ठरतं. पायरेथ्रॉइड गटातली औषधं मारणाऱ्या गावात कोलिनेस्टरेज (दुसऱ्या काही गटांतली औषधं निकामी करतात ते रक्तातलं एन्झाइम, पायरी ६ बघा) तपासत बसलात तर सगळे ‘नॉर्मल’ येतील आणि त्याचा अर्थ काहीच नसेल. पॅराक्वाट, ग्लायफोसेट यांसारख्या तणनाशकांबाबतही तेच.

पायरी ४: अंगावर पडलेलं मोजा

सर्वात जुनी आणि आजही शिकायला चांगली पद्धत म्हणजे पट्ट्यांची. डरहॅम आणि वुल्फ यांनी १९६२ मध्ये ती नीट मांडली. शोषणाऱ्या कापडाचे किंवा जाड कागदाचे ठरावीक मापाचे चौकोन छाती, पाठ, दंड, मनगट, मांडी, पोटरी अशा जागी लावायचे, काम संपल्यावर काढून प्रयोगशाळेत त्यातलं औषध मोजायचं. हिशोब सोपा आहे. समजा छातीवरचा तुकडा १० × १० सेंटिमीटर, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर, आणि त्यात ५ मायक्रोग्रॅम सापडले. छातीचं क्षेत्रफळ ३,५०० चौरस सेंटिमीटर धरलं तर ३५ पटीने १७५ मायक्रोग्रॅम. असं प्रत्येक भागाचं काढून बेरीज.

यातली गोम तुमच्या लक्षात आली असेल. औषध सगळीकडे सारखं पडलं असं आपण धरून चाललो. एक शिंतोडा नेमका तुकड्यावर पडला तर आकडा फुगतो, बाजूला पडला तर तो माणूस कोरडा ठरतो. म्हणून मोठ्या अभ्यासांत पूर्ण अंग झाकणारे सुती आतले कपडे घालायला देतात आणि नंतर बाही, धड, पाय असे तुकडे कापून वेगवेगळे तपासतात. अचूकता वाढते, पण गरम हवेत दिवसभर दुहेरी कपड्यांत काम करायला कोण तयार होईल, हा विचार आधी करा.

हातांसाठी पट्टी चालत नाही. स्वच्छ पिशवीत पाणी आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल यांचं मोजलेलं द्रावण घेऊन त्यात हात ठरावीक वेळ खळबळून धुवायचे आणि ते पाणी नमुना म्हणून ठेवायचं. मात्र माणूस मधेच स्वतःहून हात धुणार असेल तर त्याआधीही हा नमुना घ्यावा लागतो, नाहीतर सगळं नालीत जातं.

प्रयोगशाळाच नसेल तर? रिचर्ड फेन्स्के यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेली चमकणाऱ्या रंगद्रव्याची युक्ती वापरा. पंपात निरुपद्रवी चमकद्रव्य मिसळायचं, काम झाल्यावर अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली माणसाला उभं करायचं. कानामागे, मोज्याच्या आत, पाठीच्या पट्ट्याखाली डाग उजळतात. हवी असलेली मायक्रोग्रॅमची संख्या यातून सहजी मिळत नाही, पण गटासमोर हे एकदा दाखवलं की कुठल्याही भाषणापेक्षा जास्त समजतं. मी तर म्हणेन, पैसे कमी असतील तर आधी हेच करा.

हवेसाठी कमरेला छोटा पंप आणि नळी कॉलरपाशी, श्वासाच्या टप्प्यात. मिनिटाला साधारण १ लिटर हवा शोषक भरलेल्या नळीतून ओढली जाते. बंदिस्त हरितगृह, धान्याच्या कोठारातली धुरी, धुक्यासारखी बारीक फवारणी अशा ठिकाणी हे आवर्जून करा. उघड्या शेतात बजेट तोकडं असेल तर हे वगळलं तरी चालतं.

पायरी ५: लघवी, म्हणजे शरीरात खरोखर गेलेलं

कातडीवर पडलेलं सगळं आत जात नाही. किती गेलं ते कळायला लघवी सोयीची, सुई टोचावी लागत नाही. ऑर्गेनोफॉस्फेट गटासाठी (क्लोरपायरिफॉस, पॅराथिऑन यातलीच) डायअल्किल फॉस्फेट नावाचे सहा विघटित पदार्थ मोजतात. ते गटातल्या बऱ्याच औषधांना सामायिक असल्याने ‘या गटातलं काहीतरी गेलं’ एवढंच सांगतात, कोणतं ते नाही. नेमकं औषध हवं असेल तर त्याचा स्वतःचा पदार्थ शोधावा लागतो: क्लोरपायरिफॉससाठी टीसीपीवाय, पॅराथिऑनसाठी पॅरानायट्रोफिनॉल. पायरेथ्रॉइडसाठी ३-फिनॉक्सिबेन्झोइक आम्ल, पण तेही अनेक पायरेथ्रॉइडांचं सामायिक. एक खाचखळगा: हे विघटित पदार्थ अन्नावर आणि धुळीत आधीच तयार झालेले असू शकतात आणि तसेच पोटात जाऊन लघवीत येतात. त्यामुळे फवारणीआधीचा नमुना नसेल तर नंतरच्या आकड्याचं काय करायचं हा प्रश्न पडतो.

वेळापत्रक माझ्या पसंतीचं असं: त्याच माणसाचा फवारणीआधी एक नमुना, फवारणीच्या दिवशी संध्याकाळी एक, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळचा पहिला एकेक. चोवीस तासांची सगळी लघवी गोळा करणं उत्तम म्हणतात, पण शेतात काम करणारा माणूस दिवसभर बरणी घेऊन फिरत नाही. तो एक-दोन वेळा विसरतो, सांगायला लाजतो, आणि तुमचा ‘पूर्ण’ नमुना अपुरा निघतो. त्यापेक्षा ठरलेल्या वेळचे सुटे नमुने बरे. शंभर जणांचा एकेक नमुना आणि पंचवीस जणांचे चार-चार यांत निवड करायची असेल तर या प्रश्नासाठी मी डोळे मिटून दुसरं निवडेन. हे पदार्थ इतक्या झपाट्याने वरखाली होतात की एका नमुन्यावरून माणूस ‘जास्त’ की ‘कमी’ हे ठरवणं धाडसाचं आहे.

उन्हात घाम गाळणाऱ्याची लघवी घट्ट असते, भरपूर पाणी प्यायलेल्याची पातळ. म्हणून आकडा क्रिएटिनीनने (शरीर रोज साधारण सारख्याच प्रमाणात लघवीतून टाकतं तो पदार्थ) भागतात. दोन नमुने घ्या: एकात लिटरला ६ मायक्रोग्रॅम औषध आणि २ ग्रॅम क्रिएटिनीन, दुसऱ्यात ३ मायक्रोग्रॅम आणि ०.५ ग्रॅम. नुसतं बघितलं तर पहिला दुप्पट. भागाकार केल्यावर पहिला ग्रॅमला ३ आणि दुसरा ६, क्रम उलटला. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे क्रिएटिनीन लिटरला ०.३ ग्रॅमपेक्षा कमी किंवा ३ ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर तो नमुना फार पातळ किंवा फार घट्ट मानून बाजूला ठेवतात. मुलं, गरोदर स्त्रिया आणि म्हातारी माणसं यांच्यात क्रिएटिनीन मुळातच वेगळं असतं, तिथे लघवीची सापेक्ष घनता वापरणं बरं.

पायरी ६: रक्त, पण मूळ पातळी घेऊनच

ऑर्गेनोफॉस्फेट आणि कार्बामेट ही औषधं कोलिनेस्टरेज या एन्झाइमला निकामी करतात. ते लाल पेशींत असतं आणि प्लाझ्मातही. १९६१ मध्ये एलमन यांनी दिलेली रंगबदलाची पद्धत आजही पाया आहे आणि तिच्यावर आधारलेली हातात मावणारी यंत्रं शेताजवळ वापरता येतात.

अडचण अशी की निरोगी माणसांमध्येच या एन्झाइमची पातळी खूप वेगवेगळी असते. मुळात उंच पातळी असलेल्याची एक तृतीयांश घटली तरी प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत तो ‘नॉर्मल’च दिसतो. त्यामुळे प्रत्येकाची स्वतःची मूळ पातळी हंगाम सुरू होण्याआधी घ्यावी लागते, तीही निदान ३० दिवस या औषधांशी संबंध आला नसताना. कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकापासून चालत आलेली देखरेख याच तत्त्वावर उभी आहे. मूळ पातळीच्या ८० टक्क्यांखाली गेलं की कामाची पद्धत तपासायची. लाल पेशींतलं ७० टक्के किंवा त्याखाली, अथवा प्लाझ्मातलं ६० टक्के किंवा त्याखाली आलं की त्या माणसाला या औषधांपासून दूर ठेवायचं, आणि परत ८० टक्क्यांवर आल्यावरच कामावर घ्यायचं. लाल पेशींतलं एन्झाइम भरून यायला वेळ लागतो, दिवसाला साधारण १ टक्का, कारण नव्या पेशी तयार व्हाव्या लागतात. कार्बामेटचा परिणाम मात्र काही तासांत आपोआप ओसरतो. म्हणून असा नमुना गरम गाडीत राहिला तर नळीतच एन्झाइम पूर्ववत होऊन निकाल निर्दोष येतो.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: समोरच्या माणसाला दरदरून घाम, तोंडाला फेस किंवा लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, उलट्या, धाप असं काही दिसलं तर तिथे अभ्यास संपला. कपडे उतरवा, साबणाने धुवा, दवाखान्यात न्या, बाटली सोबत द्या. नमुना घेण्यासाठी एक मिनिटही थांबू नका.

पायरी ७: घर आणि मुलं

औषध कपडे, बूट आणि गाडीतून घरात येतं. घरात ऊन-पाऊस नसल्याने ते बाहेरच्यापेक्षा जास्त टिकतं. रांगणारं मूल त्याच जमिनीवर असतं आणि हात तोंडात घालत असतं. त्यामुळे ठरावीक क्षेत्रफळाची धूळ व्हॅक्यूमने किंवा ओल्या पुसणीने गोळा करा, शेतापासूनचं अंतर आणि फवारणीची तारीख लिहा. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात १९९९-२००० मध्ये शेतमजूर कुटुंबांतल्या गरोदर स्त्रियांपासून सुरू झालेल्या ‘चमाकोस’ अभ्यासाने आईची लघवी, घरातली धूळ आणि पुढे मुलांची वाढ अशी साखळी जोडली. ती रचना नवख्याने जरूर अभ्यासावी.

ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये पुढे आणलेली सिलिकॉनची मनगटपट्टीही इथे उपयोगी पडते. आठवडाभर घातली की हवेतली आणि कातडीजवळची कितीतरी रसायनं ती शोषून घेते. मुलं ती हौसेने घालतात. मात्र ती कोण कशाच्या जवळ होता हे सांगते, अंगात किती गेलं हे नाही.

पायरी ८: नमुना पोहोचेपर्यंत

लघवी देण्याआधी साबणाने हात धुवायला लावा, नाहीतर बोटांवरचं औषध बरणीत जातं आणि तुम्ही ते शरीरातलं समजता. त्याच कारणाने नमुना शेताच्या बांधावर नको. बरणीवर नाव नाही, सांकेतिक क्रमांक आणि वेळ. लगेच बर्फाच्या पेटीत, त्याच दिवशी उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये, आणि एका मोठ्या बरणीऐवजी छोट्या कुप्यांत वाटून, म्हणजे पुन्हा तपासायची वेळ आली तर सगळं वितळवावं लागत नाही. रक्ताला हा नियम लावू नका, ते गोठवायचं की नुसतं थंड ठेवायचं हे प्रयोगशाळेला आधी विचारा.

काही बरण्यांत शेतावरच शुद्ध पाणी भरून इतरांसोबत पाठवा. त्यात औषध सापडलं तर दोष तुमच्या हाताळणीत आहे. काहींत माहीत असलेलं प्रमाण घालून पाठवा, प्रवासात किती नष्ट होतं ते कळेल. काही नमुने दोनदा, वेगळ्या क्रमांकांनी. प्रयोगशाळेला यातलं कोणतं काय ते सांगू नका.

पायरी ९: आकडे आणि गावाची बैठक

‘सापडलं नाही’ याचा अर्थ शून्य नव्हे, मशीनच्या मर्यादेखाली. तिथे शून्य लिहिलं तर सरासरी खोटी होते. त्या मर्यादेला दोनच्या वर्गमूळाने भागून येणारा आकडा भरण्याची रीत आहे, पण निम्म्याहून अधिक नमुने असे असतील तर सरासरी काढूच नका, किती जणांत सापडलं तेवढं सांगा. आकडे एका बाजूला लांब शेपटीचे असतात, म्हणून मध्यक किंवा भूमितीय सरासरी द्या. आणि त्या शेपटीतल्या दोघा-तिघांना ‘चूक’ म्हणून वगळण्याआधी नोंदवही उघडा. बहुतेक वेळा त्या दिवशी झाकण गळत होतं किंवा बाटली सांडली होती.

प्रत्येकाला त्याचा निकाल एकट्यात, गटाचा निकाल सगळ्यांसमोर. लघवीतल्या बहुतेक पदार्थांसाठी ‘याच्या वर आजार’ अशी रेषा नाही, हे स्पष्ट सांगावं लागतं. ‘तुमचं फवारणीआधी इतकं होतं, नंतर इतक्या पटीने वाढलं, गटाच्या मध्यावर इतकं आहे’ एवढं प्रामाणिकपणे सांगता येतं आणि लोकांना ते नीट कळतं. कोलिनेस्टरेज घटलेल्यांना मात्र बैठकीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा.

बैठकीत आकड्यांनंतर लगेच कामाचं बोलणं निघतं: पंप भरायच्या जागेपाशी पाणी आणि साबण, गळकी झाकणं बदलणं, तुंबलेल्या नोझलसाठी जुना ब्रश, फवारणीचे कपडे वेगळे धुणं. यातलं जे ठरेल ते लिहून घ्या, कारण पुढच्या हंगामात तोच तुमचा ‘आधी आणि नंतर’ असतो. उठण्यापूर्वी पुढच्या मूळ नमुन्याची तारीख पक्की करा, पहिली फवारणी सुरू होण्याच्या आधीची.